इसाराआधीचं पाणी

जुनी गाडी बघायला गेल्यावर काका आधी पाणी मागत. गाडीकडे बघतही नसत. विकणाऱ्याशी हात मिळवायचा, हवेबद्दल एक वाक्य बोलायचं आणि घसा खाकरून विचारायचं, ‘माख इक एन ग्लास वाटर?’ काकांना डच तेवढंच येतं, असं लोक म्हणत. ते खरं नव्हतं. त्यांना बरंच कळायचं. कळत नाही असं दाखवणं त्यांना सोयीचं वाटे.

पाण्याचा तहानेशी संबंध नव्हता. जो माणूस ‘हे माझं घर’ म्हणून पत्ता देतो, त्याच्याकडे त्या घराची किल्ली असली पाहिजे, एवढाच त्यामागचा हिशेब. डच माणूस दारात आलेल्याला आपणहून पाणी विचारत नाही, पण मागितलं तर नाहीही म्हणत नाही. आत जातो, नळ सोडतो, ग्लास भरून आणतो. काका त्याच्या मागे दारापर्यंत जात, भिंतीवरचे फोटो बघत, टपालपेटीवरचं नाव वाचत. पाणी मात्र शेवटच्या घोटापर्यंत पीत. मग रिकामा ग्लास परत देऊन म्हणत, “आता दाखवा गाडी.”

ते आता नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला राहत नाहीत. राहत होते तेव्हा आइंडहोवन परिसरातल्या मराठी घरांपैकी ज्यांनी जुनी गाडी खाजगीत घेतली, त्यांतली बरीच त्यांना बरोबर घेऊन गेली होती. ठेंगणी मूर्ती, साठीच्या अलीकडे-पलीकडे. अंगात भर दिवसा सायकलवाल्यांचं चमकणारं पिवळं जाकीट. खिशात रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. ते गाडीच्या पत्र्यावरून फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लुकण भरून रंग दिलेला आहे. स्वतःकडे गाडी असून ते सगळीकडे सायकलने जात. त्यांची गाडी इमारतीखाली ताडपत्रीखाली उभी असे.

माझी त्यांची ओळख अशाच एका ग्लासावरून झाली. मी नवा होतो. जाहिरातींच्या साइटवर एक निळी हॅचबॅक चांगल्या भावात दिसली. विकणाऱ्याने कळवलं, आणखी दोघं बघायला येणार आहेत. अडीचशे युरो आत्ताच पाठवलेत तर तुमच्यासाठी थांबतो. पैसे भरण्याची लिंकही पाठवली. एका सहकाऱ्याने सांगितलं, थांब, आधी काकांना फोन कर.

“गाडी पाहिलीत?” त्यांनी विचारलं.

“फोटो पाहिले.”

“फोटोत बसून कामाला जाणार आहात का?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दिलेल्या पत्त्यावर गेलो. एका ओळीतली विटांची घरं, प्रत्येकापुढे हातभर बाग. निळी गाडी समोर उभी होती आणि तिला टेकून एक उंच, हसरा तरुण. काकांनी पाणी मागितलं. तो म्हणाला, बायको आत झोपली आहे. मग गाडीतली बाटली काढून पुढे केली.

“बाटलीतलं नको,” काका मला मराठीत म्हणाले, “नळाचं पाहिजे म्हणून सांगा.”

मी सांगितलं. तो म्हणाला, किल्ली आत राहिली. काकांनी मान डोलावली, बागेतून चालत गेले आणि त्या घराची घंटा वाजवली. एका वृद्ध बाईंनी दार उघडलं. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, ती निळी गाडी तुमची का? मघापासून माझ्या दारासमोर उभी आहे.

आम्ही वळून बघेपर्यंत निळी गाडी कोपऱ्यावर पोहोचली होती. काकांनी पाणी संपवलं, बाईंचे आभार मानले, सायकलचं कुलूप काढलं.

“अडीचशे वाचले म्हणून खूश होऊ नका,” ते म्हणाले. “गाडी अजून मिळालेली नाही.”

डिपॉझिट हा शब्द ते वापरत नसत. टोकन तर मुळीच नाही. टोकन बँकेतल्या रांगेत मिळतं, म्हणत. त्यांच्या तोंडी कायम इसार. आणि इसार कसा द्यायचा याबद्दल त्यांची मतं ठाम होती. गाडी आणि माणूस दोन्ही समोर असल्याशिवाय एक सेंटही द्यायचा नाही. गाडीच्या नोंदणीकार्डावरचं नाव, माणसाच्या ओळखपत्रावरचं नाव आणि ज्या बँक खात्यात पैसे जाणार त्यावरचं नाव, ही तिन्ही एकच हवीत. रक्कम अशी की बुडाली तर वाईट वाटेल, पण महिना अडणार नाही. साध्या कागदावर गाडीचा नंबर, दिलेली रक्कम, गाडी कोणत्या दिवसापर्यंत धरून ठेवायची आणि व्यवहार मोडला तर पैसे कोणाचे, एवढं लिहून दोघांनी सह्या करायच्या. बाकीचे पैसे पोस्टाच्या काउंटरवर गाडी नावावर होताना, त्याआधी नाही. इथे गाडी पोस्टातच नावावर होते, आणि पोस्टाचं काउंटर बहुधा एखाद्या भेटकार्डांच्या दुकानाच्या कोपऱ्यात असतं. तिथे वाढदिवसाच्या फुग्यांशेजारी उभं राहून लोकांनी हजारो युरोंचे व्यवहार केलेले मी पाहिले आहेत. काका त्या वेळी काउंटरवरच्या माणसाकडेही संशयाने बघत असत.

विकणाऱ्याच्या बाजूने बोलावलं तरी ते येत. तिथे त्यांचा एकच धोशा असे: पैसे पाठवल्याचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्यात दिसेपर्यंत किल्ली खिशात ठेवायची. आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर गेल्याचा कागद हातात घेतल्याशिवाय घरी जायचं नाही. नाहीतर तो जोरात गाडी चालवणार आणि दंड तुमच्या टपालपेटीत पडणार.

त्यांना एखादी गोष्ट बरोबर दिसली की ते अस्वस्थ होत. “बरोबर दिसतंय,” म्हणत, “म्हणजे अजून बघायला हवं.” गाडीजवळ पोहोचताच बॉनेटवर तळहात ठेवत. इंजिन गरम लागलं तर विचारत, आम्ही येणार म्हणून आधी चालू करून ठेवली का? थंडीत सुरू होत नाही का? गणपतीच्या कार्यक्रमात ते आरतीला दाराजवळ, चपलांच्या शेजारी उभे राहत. वर्गणीची पावती तिथल्या तिथे मागत. दसऱ्याला एका मुलीने त्यांच्या हातावर पान ठेवून “सोनं घ्या” म्हटलं, तेव्हा त्यांनी विचारलं, “बिल आहे?” मुलीला मराठी कळत होतं. ती डचमध्ये आईला म्हणाली, हे आजोबा पोलीस आहेत का?

ते असे का झाले याच्या तीन कथा सांगितल्या जात. एकीत पुण्यातली मोटरसायकल होती, दुसरीत बेल्जियमच्या सीमेवरची व्हॅन, तिसरीत सख्खा मेहुणा. मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, “यातली तुम्हाला कोणती पटते?” मी म्हटलं, मेहुण्याची. “मग तीच धरा,” म्हणाले, आणि विषय संपवला.

लोकांचाही त्यांच्यावर संशय होता. शनिवार मोडून, वारा-पाऊस अंगावर घेत माणूस परक्याची गाडी बघायला फुकट कशाला येईल? विकणाऱ्याकडून काहीतरी घेत असणार, असं दबक्या आवाजात बोललं जाई. मी ज्यांच्या गाड्या त्यांनी पास केल्या होत्या अशा दोघा विकणाऱ्यांना फोन करून विचारलं. दोघांनीही सांगितलं, एक पैसा मागितला नाही, उलट आम्हालाच छळलं. ही चौकशी त्यांच्या कानावर गेली. मला वाटलं, रागावतील.

“बरं केलंत,” ते म्हणाले. “पण दोघांवर थांबलात. तिसऱ्याला विचारायला हवं होतं.”

ऋतुजा आणि अमेय माझ्या खालच्या मजल्यावर राहत. अमेय चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. ऋतुजा पुण्यात प्रयोगशाळेत काम करायची. इथे आल्यावर दोन वर्षं तिला काम मिळालं नव्हतं. शेवटी टिलबर्गच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मिळालं. पहाटेची पाळी. पहिली बस आणि पहिली ट्रेन धरूनही ती वेळेवर पोहोचली नसती. पहिला महिना आजमावणीचा असल्याने एकदा उशीर झाला तरी नोकरीवर गदा येणार. एक तारखेला रुजू व्हायचं होतं, त्याआधी गाडी हवी होती. भाड्याचं घर घेताना बचत बरीचशी संपली होती, त्यामुळे शोरूमची गाडी परवडत नव्हती.

मराठी ग्रुपवर निरोप आला: युट्रेख्टचं एक कुटुंब कायमचं पुण्याला परत चाललं आहे, गाडी द्यायची आहे, आपल्या माणसाला प्राधान्य. भाव ठीक होता. इसार पाचशे युरो. आम्ही चौघं गेलो: ते दोघं, काका आणि मी.

इथे काकांची पद्धत पहिल्याच पायरीवर मोडली. त्यांना पाणी मागावंच लागलं नाही. दार उघडताच त्या घरच्या वहिनींनी ट्रेमध्ये चार पेले पुढे केले. घरात उघड्या बॅगा, भिंतींवर उतरवलेल्या फोटोंचे पांढरे चौकोन, आणि साबुदाण्याच्या खिचडीचा वास. घर त्यांचंच होतं, त्याबद्दल शंका नव्हती.

“आधी खाऊन घ्या,” वहिनी म्हणाल्या. “गाडी कुठे पळून जात नाही.”

“गाडी झाल्यावर,” काका म्हणाले.

“असं कसं काका? आमचं घर आता चार दिवसांचं. नाही म्हणू नका.”

आम्ही खाल्लं. काकांच्या हातातली बशी तशीच राहिली. गाडी उत्तम होती. चुंबक सगळीकडे चिकटलं. मग त्यांनी गाडीचं कार्ड मागितलं. विकणाऱ्याने ते काढून दिलं आणि आपणहूनच सांगितलं, की त्यावरचं नाव त्याचं नाही. गाडी त्याने एका मित्राकडून घेतली होती. मित्र घाईत जर्मनीला गेला, नाव बदलायचं राहून गेलं. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायला लागणारा कोड त्या मित्राकडेच आहे, दोन दिवसांत मागवून घेतो.

“मग दोन दिवसांनी इसार घ्या,” काका म्हणाले.

“काका, ग्रुपवर अजून तिघं मागे लागलेत. मी आपल्या लोकांसाठी थांबलोय.”

“थांबू नका. कोड आला की आम्ही येतो. तोवर कोणी नेली तर नेली.”

त्याचा चेहरा उतरला. “तुम्ही आम्हाला चोर समजता का?”

“नाही,” काका म्हणाले. “मी तुम्हाला ओळखत नाही, एवढंच म्हणतो.”

वहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या. ऋतुजा खाली बघत बसली. अमेय दोनदा “तसं नाही हो” म्हणाला, पण कोणाला उद्देशून, ते कळलं नाही. परतीच्या ट्रेनमध्ये तो काकांपासून दूर बसला. तो मला म्हणाला, “त्यांच्या घरी खाऊन त्यांनाच असं बोलायचं? आपल्यात असं करतात का?” मी म्हटलं, काकांनी खाल्लं नव्हतं. “तेच तर,” तो म्हणाला.

घरी पोहोचल्यावर त्याने पाचशे युरो पाठवले. खातं त्या वहिनींच्या नावावर होतं. दिलेलं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नाही, अशी सूचना बँकेने पडद्यावर दाखवली. त्याने ती बंद करून पुढे बटण दाबलं. हे त्याने कोणालाही सांगितलं नाही, ऋतुजालाही नाही.

कोड आला नाही. जर्मनीतल्या मित्राने आधी उद्या सांगितलं, मग फोन घेणं सोडलं. युट्रेख्टच्या कुटुंबाचं विमान ठरलेलं होतं, ते लोक निघून गेले. पुण्याहून काही दिवस आवाजी निरोप येत राहिले: इथलं खातं बंद झालं आहे, भावाकडून पाठवतो, आईची तब्येत बरी नाही. मग निरोपांना उत्तरं येईनाशी झाली. गाडी युट्रेख्टच्या रस्त्यावर कोणाच्या भरवशावर उभी आहे, हे आम्हाला कळलं नाही. त्या माणसाने फसवलं, असं मी लिहू शकत नाही. त्याने पैसे परत केले नाहीत, एवढं लिहू शकतो.

अमेयने ऋतुजाला सांगितलं तेव्हा एक तारीख तोंडावर आली होती. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. वर ऐकू आला तो फक्त एका दाराचा आवाज. संध्याकाळी ती दोघं मला घेऊन काकांकडे गेली. काकांच्या दारावर घराच्या नंबराशिवाय काही नव्हतं.

अमेय सगळं बोलला.

“बँकेने नाव जुळत नाही म्हणून दाखवलं होतं?” काकांनी विचारलं.

“हो.”

“मग?”

“काका, त्यांच्याकडे खाऊन आलो होतो. आणि तुम्ही तसं बोललात. मला कसंतरी झालं.”

काकांनी विचारलं, “खिचडी चांगली होती?”

“हो.”

“वासावरून वाटलंच होतं,” ते म्हणाले. “म्हणून तर खाल्ली नाही.”

ऋतुजा हसली नाही. तिने विचारलं, आता इतक्या थोड्या दिवसांत कुठली गाडी मिळेल? काकांनी खिडकीतून खाली, ताडपत्रीकडे बघितलं. मला गाडी विकायची आहे, म्हणाले. नुसती उभी राहून खराब होते आहे. बाजारभाव जो असेल तो. उद्या जाहिरात टाकणार आहे. तुम्ही बघायला या.

“जाहिरात कशाला?” अमेय म्हणाला. “आम्हालाच द्या ना थेट. तुमच्या गाडीत काय बघायचं?”

“थेट नाही. बघायला यायचं, सगळं विचारायचं, मग घ्यायची.”

“पण तुम्ही आमच्यासाठी एवढं—”

“उपकार नको,” काका म्हणाले. “उपकारात पावती मागता येत नाही.”

त्यांनी खरोखर जाहिरात टाकली. भाव तशा इतर गाड्यांइतकाच होता, एक युरो कमी नाही. अमेय म्हणाला, म्हातारा विचित्र आहे. ऋतुजाने रात्री त्या गाडीचा नंबर सरकारी साइटवर घालून बघितला: तपासणीची मुदत कधी संपते, मीटरचं वाचन विश्वासार्ह आहे की नाही, गाडीचा विमा आहे की नाही. सकाळी मला म्हणाली, तुम्ही साक्षीला या.

शनिवार होता. ताडपत्री काढलेली होती. काका पिवळं जाकीट घालून गाडीशेजारी उभे होते, एखाद्या अनोळखी विकणाऱ्यासारखे, हात मागे बांधून. अमेयने त्यांना नमस्कार केला आणि थेट चाकांकडे वळला. ऋतुजाने त्याला कोपराने थांबवलं. तिने बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट थंड होतं.

“काका,” ती म्हणाली, “मला पाणी मिळेल?”

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग जाकिटाच्या खिशातून प्लास्टिकची बाटली काढली. ती त्यांनी मुद्दाम आणली असणार. त्यांच्याकडे बाटली मी आधी कधी पाहिली नव्हती.

“हे घ्या.”

“बाटलीतलं नको,” ऋतुजा म्हणाली. “नळाचं.”

ते वर गेले. त्यांच्या घराच्या खिडकीत क्षणभर पिवळा रंग दिसला. स्टीलचा पेला काठोकाठ भरून ते जिन्याने खाली आले. तिने तो सगळा संपवला आणि परत दिला.

मग तिने चुंबक मागितलं. ते तिने सावकाश फिरवलं, दारांच्या खालच्या कडांवरूनही. मागच्या एका दारापाशी ते घसरलं. “इथे काय झालं होतं?” तिने विचारलं. काका म्हणाले, सुपरमार्केटच्या खांबाला लागली होती, मीच ठोकली. तिने त्यासाठी भाव कमी करायला सांगितलं. अमेयने मान फिरवली. काकांनी थोडी घासाघीस केली आणि भाव कमी केला.

“आता गाडीचं कार्ड,” ती म्हणाली, “आणि तुमचं लायसन्स.”

दोन्ही त्यांच्या वरच्या खिशात तयार होती. तिने एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरं धरलं आणि वाचायला लागली. तिला वेळ लागला. अमेयने तिच्या खांद्यावरून डोकावून बघितलं आणि तोही वाचू लागला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते नाव आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. अमेयच्या फोनमध्ये ते ‘गाडीवाले काका’ होते. माझ्या फोनमध्ये नुसते ‘काका’. ज्यांनी त्यांच्या शब्दावर हजारो युरो दिले होते, त्यांच्याही फोनमध्ये बहुधा असंच काहीतरी असणार.

“मोठ्याने वाचा,” काका म्हणाले.

ऋतुजाने वाचलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. ते नाव मी इथे लिहीत नाही.

“इतक्या जणांबरोबर गेलो,” काका म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. गाडीचा दोष सांगावा तसं सांगत होते. “जगातल्या सगळ्यांचं नाव विचारायला शिकवलं. माझं कोणी विचारलं नाही. मी वाट बघत होतो.”

अमेय काहीतरी बोलायला गेला, पण त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते ऋतुजाकडेच बघत होते.

“जुळतं का?”

तिने कार्ड पुन्हा बघितलं. मग लायसन्स. मग लायसन्सवरचा फोटो, आणि मग त्यांचा चेहरा.

“जुळतं.”

“मग द्या इसार,” काका म्हणाले, आणि सहीसाठी पेन उघडून तिच्यापुढे धरलं.